हिरवी पाटी आणि गळणारा ग्लँड

आमच्या सोसायटीची यंदाची वार्षिक सभा दोन तास चालली, आणि त्यातला दीड तास एकट्या ‘हरित’ या शब्दानं खाल्ला. एका बाजूला मुलांची पिढी. तिचं म्हणणं, लिफ्ट जुनी, पंप जुने, जिन्यातले दिवे जुने. सगळं भंगारात घाला, कमी वीज खाणारं नवं आणा, गच्चीवर सौर पॅनेल बसवा. नाहीतरी इमारतीला पंचवीस वर्षं होऊन गेलीत, मग पाडूनच का बांधू नये? दुसऱ्या बाजूला माझ्या वयाची मंडळी: हल्लीचं सगळं प्लास्टिक, आमच्या वेळची मोटर तीस वर्षं चालली, सयाजीरावांच्या वेळच्या इमारती बघा अजून कशा उभ्या आहेत. आवाज चढले, जुनी भांडणं निघाली, कुणीतरी पार्किंगचा विषय काढला. आणि हे सगळं चालू असताना बाहेर वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप खालच्या स्कूटरींवर धो धो वाहत होता. आवाज सगळ्यांना येत होता. उठलं कुणीच नाही. मीही नाही, कबूल करतो.

चौतीस वर्षं बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांत मेंटेनन्स खात्यात काढली, तिथेही हाच वाद जरा बऱ्या खुर्च्यांवर बसून ऐकला आहे. तिथं सोसायटीच्या जागी संचालक असतात आणि पॅनेलच्या जागी कोट्यवधींचा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. बाकी सगळं तेच. दोन्ही पक्ष वस्तूच्या वयावर भांडतात. माझ्या मते वय हा मुद्दा दुय्यम आहे. यंत्र असो की इमारत, तिच्यापायी हवा-पाणी किती नासतं हे मुख्यतः ती रोज कशी राखली जाते यावर ठरतं. राखणाऱ्या माणसाला वेळ, हत्यारं आणि काम थांबवण्याचा अधिकार नसेल, तर नव्या खरेदीतून आलेली बचत दोन-तीन पावसाळ्यांत गळून जाते. एखाद्या कारखान्याचं पर्यावरण खातं कुठे आहे असं मला विचाराल, तर मी पाटी लावलेल्या थंडगार खोलीकडे बोट दाखवणार नाही. ग्रीसनं काळ्या पडलेल्या फिटरच्या टेबलाकडे दाखवीन.

नव्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र आधी मान्य करायला हवा, कारण माझ्या वयाचे लोक तो नेहमी हसण्यावारी नेतात. मोटर विकत घेताना आपण तिची किंमत बघतो. खरी किंमत ती खात असलेल्या विजेची असते. पंधरा किलोवॅटची मोटर वर्षाला ६००० तास पूर्ण भारावर चालली, तर ती लाखभर युनिटं ओढते. आठ रुपये दरानं आठ लाख. मोटर पन्नास-साठ हजारांची. म्हणजे महिन्याभरातच विजेचं बिल मोटरच्या किमतीला गाठतं आणि पुढं निघून जातं. जुनी आयई-१ दर्जाची मोटर काढून आयई-३ बसवली तर कार्यक्षमता सुमारे ८८.७ टक्क्यांवरून ९२.१ वर जाते. वर्षाला साधारण ३७०० युनिटं वाचतात, तीस हजार रुपये. दोन वर्षांत पैसे वसूल. अशा जागी ‘आमच्या वेळची मोटर’ म्हणून ती कुरवाळत बसणं हा निव्वळ हट्ट आहे. आणि ती मोटर तीनदा रिवाइंड झालेली, म्हणजे आतली तार काढून नवी गुंडाळलेली असेल, तीही गल्लीतल्या दुकानात जुनं वाइंडिंग उघड्या जाळावर जाळून, तर स्टेटरच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशनही जळून गेलेलं असतं. ती मोटर चालते. पण हिटरसारखी तापत चालते.

मग माझा विरोध कशाला? आकड्यांच्या त्याच वहीचं पुढचं पान कुणी उलटत नाही, याला. त्याच कारखान्यात दाबाच्या हवेची पाइपलाइन असते. तिच्यात सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक भोक असेल, तर काँप्रेसरची तीनेक किलोवॅट शक्ती फक्त त्या भोकासाठी खर्च होते. ६००० तासांना अठरा हजार युनिटं, जवळजवळ दीड लाख रुपये, आणि आपल्या ग्रिडच्या हिशेबानं बारा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका भोकातून जे जातं, ते भरून काढायला पाच नव्या मोटरी लागतात. भोक बुजवायला काय लागतं? एक फिटिंग, थोडी टेफ्लॉन टेप आणि अर्धा तास. आणि भोक एकच कधीच नसतं. नीट न राखलेल्या कारखान्यांत काँप्रेसरच्या हवेतली वीस ते तीस टक्के हवा गळतीत जाते, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. रविवारी यंत्रं बंद असताना शेडमध्ये उभं राहा, सापांचं वारूळ फुटल्यासारखा सगळीकडून फुसफुस आवाज येतो. सोमवारी यंत्रं सुरू झाली की तो बुडून जातो.

नवं यंत्रही याच गळतीत येऊन पडतं. मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडी या उपकरणाचंच घ्या. पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती जवळजवळ निम्मी लागते. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, जाहिरात नव्हे. पण मी किती तरी व्हीएफडी असे पाहिलेत की जे बसवल्या दिवसापासून ५० हर्ट्‌झवरच ठेवलेले आहेत, आणि पुढचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून प्रवाह कमी केलेला आहे. ॲक्सिलरेटर दाबून ब्रेक लावत गाडी हाकण्याचा प्रकार. का? बसवणारा गेला, चालवणाऱ्याला कुणी शिकवलं नाही, आणि एकदा बिघडला तेव्हा रात्रपाळीच्या माणसानं बायपास करून काम भागवलं. ऑडिटच्या कागदावर मात्र ‘व्हीएफडी बसवले’ यापुढे बरोबरची खूण आहेच. गच्चीवरच्या सौर पॅनेलचीही तीच कथा. बडोद्याच्या उन्हाळ्यात धुळीचा थर पंधरा दिवसांत चढतो, आणि पॅनेल बसवताना गच्चीवर पाण्याचा नळ घ्यायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

रोज मरे त्याला कोण रडे, असं आपण म्हणतो. गळतीचं तेच आहे. एखादा बॉयलर फुटला तर चौकशी समिती बसते. वाफेचा ट्रॅप, म्हणजे पाइपातलं पाणी सोडून वाफ अडवणारा व्हॉल्व्ह, तीन वर्षं उघडा वाहत राहिला तर काहीच बसत नाही. यामागे आळस कमी, हिशेबाची रीत जास्त आहे. नवा चिलर हा भांडवली खर्च: त्याला कर्ज मिळतं, घसारा मिळतो, उद्घाटन होतं, फोटो निघतो. ट्रॅप बदलणं हा महसुली खर्च: तो नफ्यातून वजा होतो आणि मंदी आली की पहिली कात्री त्यालाच लागते. या कात्रीचं टोक कुठवर जातं याचा आपल्याकडचा सर्वांत भीषण दाखला भोपाळचा आहे. १९८४च्या डिसेंबरातल्या त्या रात्री विषारी रसायन थंड ठेवणारी शीतयंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती, आणि निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. यंत्रणा नव्हत्या असं नाही. होत्या, पण राखलेल्या नव्हत्या. आपण भोपाळकडे औद्योगिक अपघात म्हणून बघतो. मेंटेनन्सवाला माणूस तिथं कापलेलं बजेट आणि कमी केलेली माणसं बघतो.

आता माझ्याच वयाच्या पक्षाकडे वळतो, कारण त्यांचं ‘जुनं ते सोनं’ही तितकंच पोकळ आहे. सयाजीरावांच्या वेळचं टिकलं ते जुनं होतं म्हणून टिकलं? आजव्याचं सरोवर १८९२ पासून शहराला पाणी देतं आहे, तेही उंचावरून उताराच्या जोरावर, पंपांची फौज न लावता. त्या काळच्या इंजिनिअरांना वीजबचत हा शब्द माहीत नव्हता. जिथं पाणी आपण होऊन वाहतं तिथं ते ढकलू नये, एवढं माहीत होतं. आराखड्याचं हे श्रेय त्यांना पुरेपूर. पण मातीचं धरण सव्वाशे वर्षं नुसत्या आराखड्यावर उभं राहत नाही. त्याच्या अंगावर झाड रुजू द्यायचं नसतं, कारण मुळं पोखरतात. झिरपणारं पाणी गढूळ येतंय की स्वच्छ, हे पाहत राहावं लागतं. दगडी अस्तर सरकलं की पुन्हा बसवावं लागतं. हे करणाऱ्या माणसांची नावं कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. आणि उलटा दाखला हवा असेल तर तोही आपल्याच जिल्ह्यात आहे. ९ जुलै २०२५ रोजी पादरा तालुक्यात महीवरचा गंभीरा पूल कोसळला. १९८५चा पूल, म्हणजे जेमतेम चाळिशीतला. वीसहून अधिक माणसं गेली. एक काम एकशे तीस वर्षं टिकतं, दुसरं चाळिसाव्या वर्षी नदीत जातं. मग वयाचा आणि टिकण्याचा संबंध काय उरला?

इमारतींच्या बाबतीत तर राखण्याच्या नावाखाली आपण मोडतोडच करतो. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांतली जुनी घरं विटा आणि चुन्याची. चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि ती हवेत सोडूनही देतो. पन्नास वर्षांपूर्वी सिमेंट स्वस्त आणि ‘पक्कं’ झालं, तेव्हा सगळ्यांनी त्या भिंतींवर सिमेंटचा लेप चढवला. ओल आतच कोंडली. क्षार पृष्ठभागाशी साचले, लोणा लागला, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच खाली आला. मग गवंडी म्हणतो, काका, प्लास्टर जुनं झालंय. आणि आणखी जाड सिमेंट थापतो. जगात माणसांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटच्या वाट्याचा आहे. त्यातलं काही सिमेंट आपण भिंतीचा आजार वाढवण्यासाठी वापरतो आहोत. चुना हाताळणारा गवंडी आता शोधावा लागतो आणि तो रोजही जास्त मागतो. बरोबरच आहे त्याचं. गच्चीचंही तसंच. आपल्याकडे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक घालायची पद्धत पूर्वीपासून आहे. ऊन परत फेकतो, पाणी अडवतो, आणि बनतोच मुळी कारखान्याच्या टाकाऊ तुकड्यांतून. त्यावर दर तीन-चार वर्षांनी फटींची भरणी केली की झालं. ती न करता गळू लागल्यावर डांबराचा काळा थर पसरवायचा आणि मग खालच्या मजल्यावर आणखी एक एसी बसवायचा, याला आम्ही वॉटरप्रूफिंग म्हणतो.

पाडून बांधण्याविषयी. गुजरातच्या कायद्यानं पंचवीस वर्षांच्या इमारतीला पंचाहत्तर टक्के सभासदांनी संमती दिली की पुनर्विकासाची वाट मोकळी होते. ज्या इमारतीत सळ्या गंजून फुगल्यात, कॉलम फुटलेत, तिथं कुणी जुन्याचं प्रेम शिकवू नये. तिथं माणसं राहतात. पण पंचवीस हे वर्ष इमारतीच्या म्हातारपणाचं नाही, ते कायद्यातलं आहे. उभी इमारत म्हणजे एकदा खर्चून झालेलं सिमेंट-लोखंड. ती पाडली की ते खर्चलेलं गेलं, राबिट कुठल्यातरी तलावात पडलं, आणि नव्या इमारतीचा सगळा कार्बन पहिल्या रहिवाशाचं दूध उतू जाण्याआधीच हवेत गेलेला असतो. तिची वीजबचत पुढं थेंबाथेंबानं येते. नव्या हरित इमारती होऊ नयेत असं मी म्हणत नाही. हैदराबादच्या ज्या इमारतीला २००३ साली अमेरिकेबाहेरचं पहिलं प्लॅटिनम मानांकन मिळालं, तिचे वास्तुशिल्पी करण ग्रोव्हर हे आपल्या बडोद्याचेच. पण मानांकनाची पाटी दाराशी असते आणि डक्टमधला फिल्टर छतात. पाटी दिसते.

आता माझ्या बाजूला टोचणारा मुद्दा. मेंटेनन्स हे स्वतःच घाणेरडं काम आहे. तेलात भिजलेला कॉटन वेस्ट, डिग्रीझर, पाइप धुतलेलं ॲसिड, थिनर, काळं ऑइल. नदीकाठचा हा सगळा रासायनिक पट्टा. त्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी खंभातच्या आखातापर्यंत नेणारी पन्नासहून अधिक किलोमीटरची वाहिनी १९८३ पासून चालू आहे. पण सर्व्हिसिंगच्या वेळी फरशीवर सांडून गटारात गेलेलं तेल त्या वाहिनीत जात नाही, ते शहरातल्या विश्वामित्री नदीत जातं. वापरलेलं तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं असा नियम आहे. प्रत्यक्षात पिंपं सेंटरिंगच्या प्लेटांना फासायला विकली जातात, हे प्रत्येक स्टोअरकीपर जाणतो. आणि एसीचा गॅस! आर-२२चा एक किलो हवेत सोडला तर तो सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो, शिवाय ओझोनला खातो. घरगुती दीड टनाच्या जुन्या एसीत साधारण तेवढाच गॅस असतो. तीन तारे आणि पाच तारे यांच्या पाट्यांवरच्या आकड्यांत वर्षाला दोन-अडीचशे युनिटांचा, कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात दीड-पावणेदोनशे किलोंचा फरक. म्हणजे नवा पाच ताऱ्यांचा एसी आणताना जुन्याचा गॅस मेकॅनिकनं नट सैल करून फुस्सकन सोडला, तर त्या नव्या एसीची दहा वर्षांची बचत बाल्कनीतच उडाली. गॅस परत ओढून बाटलीत भरण्याचं यंत्र असतं. ते किती जणांकडे पाहिलंय तुम्ही?

तेव्हा कोणताही मेंटेनन्स चांगला, असं मी म्हणणार नाही. वाईट मेंटेनन्स हे प्रदूषणच आहे. कॅलेंडर बघून दर सहा महिन्यांनी चांगलं तेल फेकून देणं हेही त्यातच आलं. तेलाला तारीख कळत नाही. त्याला उष्णता, पाणी आणि कचरा कळतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. नमुना तपासा, गाळा, कूलरची जाळी साफ करा, तेच तेल आणखी चालेल. फक्त त्यासाठी विचार करणारा माणूस लागतो, आणि इथंच सगळं अडतं.

आमच्या खात्यात एक फिटर होते. सगळे त्यांना काकाच म्हणत, साहेबसुद्धा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावून ते सांगत, हे पुढच्या शटडाऊनपर्यंत जाईल, हे नाही जाणार. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे दांडा बाहेर येतो तिथल्या दोरी भरलेल्या सांध्यातून, मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत, नाहीतर दोरी जळते; पण धार लागता कामा नये, हे मला त्यांनी शिकवलं, कॉलेजनं नाही. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा भरली नाही. त्याऐवजी अल्ट्रासोनिक तपासणीचं एक उत्तम उपकरण आलं. माझ्या शेवटच्या वर्षी ते कपाटात होतं, सेल फुटून आत हिरवा गंज चढलेला. काम ठेक्यावर गेलं होतं, ठेका सर्वांत कमी दराच्या निविदेला, आणि ठेकेदाराची माणसं दर आठ महिन्यांनी नवी. हा माणूस यंत्राचा आवाज ओळखणार कधी? आणि ब्रेकडाऊनमागे पैसे मिळत असतील, तर ब्रेकडाऊन टाळण्यात त्याचा फायदा काय?

उपकरण वाईट नव्हतं, हे पुन्हा सांगतो. कुशल माणूस मिळत नाही म्हणून माणसावर कमी विसंबणारी यंत्रं घ्यावी लागतात, हा युक्तिवादही खोटा नाही. पण कुशल माणसं ढगातून पडत नसतात. १८९० साली या शहरात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की कारागिराला तंत्रविद्या देशी भाषेत मिळावी. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९०७ मध्ये, अलेंबिक ही औषधं-रसायनांची कंपनी उभी राहिली. तिच्या संस्थापकांत गज्जर होते, आणि कोटीभास्कर हे मराठी नावही होतं. आधी हात शिकवले, मग कारखाना आला. आज त्याच शहरात दोन कोटींचं यंत्र येतं, सोबत आठशे पानांचं इंग्रजी मॅन्युअल, आणि ते साहेबाच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद असतं. फिटर मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून काम भागवतो. दोष त्याचा आहे का?

खंडेनवमीला सगळ्या शेडमध्ये झेंडूच्या माळा लागतात. आदल्या दिवशी यंत्रं घासूनपुसून लख्ख केली जातात, आणि गंमत म्हणजे वर्षातल्या निम्म्या गळत्या आम्हाला त्याच दिवशी सापडत. पुसलेल्या यंत्रावरच ताजा तेलाचा थेंब दिसतो. मळलेल्यावर सगळंच मळ. त्या एका दिवसाचे बारा दिवस करा, महिन्याला एक, असं मी दोनदा लिहून दिलं होतं. उत्पादन बुडतं म्हणून नाकारलं गेलं. ठेका देताना दुरुस्त्यांच्या संख्येवर पैसे न देता यंत्र किती तास नीट चाललं आणि वीज किती खाल्ली यावर द्यावेत, हेही सुचवलं होतं. त्यावर उत्तरच आलं नाही.

सोसायटीच्या सभेत शेवटी पॅनेलचा ठराव मंजूर झाला. मीही हात वर केला, पॅनेल यावीतच. मग मी सुचवलं की महिन्यातून एक दिवस प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना पगारी बोलवू या: टाकीचा बॉलकॉक, पंपाचा ग्लँड, गच्चीच्या फटी, लिफ्टची खोली, सगळं काही बिघडलेलं नसताना बघून जातील. कुणी विरोध केला नाही. फक्त खजिनदारांनी पेन थांबवून विचारलं, बिघडलेलं नसताना आलेल्या माणसाचं बिल कुठल्या खात्याला लिहू? बराच वेळ कुणाला सुचेना. वहीत तसं खातंच नव्हतं. शेवटी त्यांनी ते ‘किरकोळ’मध्ये टाकलं आणि आम्ही चहाला उठलो. पाइप वाहत होताच.